रुळोबाचा गुरव

दांडवाडीच्या पायथ्याशी, रूळवाट जिथे डोंगर सोडून सपाटीला लागते, तिथे आता एक निळी पाटी उभी आहे. महाडहून पोलादपूरकडे जाणारे पर्यटक तिथे गाडी लावतात, पाटीपाशी फोटो काढतात आणि चालायला लागतात. पाटीच्या शेवटच्या परिच्छेदात लिहिले आहे की, 'पुरातन रुळोबा देवस्थानाचे निष्ठावंत सेवक कै. केशव उतेकर गुरुजी यांना देवाचा दृष्टांत झाला व त्यांनी उर्वरित आयुष्य देवाच्या चरणी वाहिले.' या एका वाक्यात चार चुका आहेत. देवस्थान पुरातन नाही. दृष्टांत झालेला नाही. आयुष्य वाहिले हे खरे, पण देवाच्या चरणी नव्हे. आणि उतेकरला कोणी 'गुरुजी' म्हटलेले चालत नसे. तो 'सर' होता, विज्ञानाचा.

ही हरकत मी पाटी लावणाऱ्या वाट-समितीच्या अध्यक्षाकडे स्वतः जाऊन नोंदवली. अध्यक्ष दांडवाडीचाच, मुंबईत नोकरी करणारा, उतेकरच्या आणि माझ्या हाताखालून गेलेला विद्यार्थी. तो म्हणाला, "सर, आता पाटी लागली. लोकांना आवडतेय ना, राहू द्या की."

"लोकांना आवडेल तेच लिहायचं असेल तर दृष्टांत मला झाला असं लिही," मी म्हणालो. "मी जिवंत आहे. सत्काराला तरी येईन."

तो हसला. पाटी तशीच आहे.

दुसरी कथा महाडच्या बाजारपेठेत चालते: उतेकर मास्तराने म्हातारपणी एक देव काढला आणि दानपेटीवर हात मारला. ही कथा सांगणाऱ्यांपैकी एकानेही ती पेटी पाहिलेली नाही. तिची किल्ली दांडवाडीच्या तानूबाईच्या कंबरेला असे आणि तानूबाईच्या कंबरेची किल्ली काढणे हे उतेकरला काय, कोणालाच शक्य नव्हते. तिसरी कथा त्याच्या सख्ख्या पुतण्याची. त्याचे म्हणणे, काकांचे डोके शेवटी शेवटी फिरले होते. मी उतेकरबरोबर एका शाळेत, शिक्षकांच्या एका खोलीत, नोकरीची सगळी वर्षे काढली. निवृत्तीनंतरही आमची आठवड्यातून एकदा तरी गाठ पडे आणि पडली की वाद होई. त्याचे डोके फिरले नव्हते. फिरले असते तर तो सुखी झाला असता.

उतेकरचा वर्ग म्हणजे कोर्ट होते. उत्तरपत्रिकेत 'असे म्हणतात' हे शब्द दिसले की तो अर्धा गुण कापी. तोंडी परीक्षेत कोणी ते शब्द उच्चारले की तो खडू खाली ठेवून विचारी, "कोण म्हणतात? नाव, गाव, पुरावा." मुलांनी त्याचे नावच 'पुरावा' ठेवले होते आणि ते त्याला ठाऊक होते. त्याची खंत त्याला नव्हती. खंत एवढीच की नाव ठेवणारा कोण हे त्याला शेवटपर्यंत सिद्ध करता आले नाही.

शिक्षकांच्या खोलीतही तो असाच वागे. माझ्या परसातल्या आंब्यासारखा आंबा तालुक्यात नाही, असे मी एकदा सहज बोललो. दुसऱ्या दिवशी त्याने पाच झाडांचे आंबे आणले, फोडी करून पाच ताटल्यांत मांडल्या, माझ्याच उपरण्याने माझे डोळे बांधले आणि माझा आंबा कोणता ते ओळखायला सांगितले. मी बाजारातल्या आंब्यावर बोट ठेवले. त्या दिवशी माझे आंबे अढीतून दोन दिवस आधी काढले होते हे मी तेव्हाही सांगितले आणि आजही सांगतो. त्याने ते मान्य केले नाही. "आंबा बोलला, तू आता गप्प बस," एवढेच म्हणाला.

अंगाने तो किडकिडीत, आणि पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांना डाग पडला की खडूने पुसून घेणारा. पण त्याची लांबून ओळख पटायची ती चालण्यावरून. आखूड, एकसारखी पावले टाकीत तो चाले. महाडच्या गर्दीच्या रस्त्यावरसुद्धा, जणू पायाखाली काही ठरावीक अंतरावर मांडून ठेवले आहे. बरीच वर्षे मला वाटे की ही त्याची शिस्त. ती शिस्त नव्हती, तो वारसा होता.

फार पूर्वी, इंग्रजी अमदानीत, एका लाकूड-कंपनीने पोलादपूरच्या खालच्या रानातून महाडच्या खाडीकाठापर्यंत एक अरुंद लोहमार्ग टाकला होता. इंजिन नव्हते. लाकूड आणि कोळसा भरलेल्या ट्रॉल्या उताराने आपोआप खाली येत, आणि रिकाम्या ट्रॉल्या बैल ओढून वर नेत. प्रत्येक भरल्या ट्रॉलीवर एक माणूस लाकडी दांड्याचा ब्रेक धरून उभा असे. उतेकरचा बाप तसा ब्रेकवाला होता. ट्रॉल्या नसतील तेव्हा तो रुळांमधल्या लाकडी स्लीपरांवरून चालत घरी जाई. एकेका स्लीपरावर एकेक पाऊल. लाईन बंद पडली, रूळ उखडून विकले गेले, पण बापाचे पाऊल आखूडच राहिले आणि त्याचे बोट धरून चालणाऱ्या मुलाच्या पायात ते उतरले.

हा मुलगा महाडच्या शाळेत आला तेव्हा त्याने वर्गात सांगितले की, माझा बाप रेल्वेवर होता. मास्तर म्हणाले, "आपल्या तालुक्यात रेल्वे कुठाय रे? पुरावा दे." वर्ग हसला. मास्तरांचे नाव मला ठाऊक आहे. लिहीत नाही, कारण त्यांची नातवंडे चांगली आहेत. ही हकीगत उतेकरने मला एकदाच सांगितली, रूळवाटेवर चालताना, माझ्याकडे न बघता. ब्रेकच्या दांड्यात बापाच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली होती. तो हात दाखवता आला असता, म्हणाला, पण बापाला शाळेत आणायची मला लाज वाटली.

निवृत्त झाल्यावर त्याने रूळवाटेचा ध्यास घेतला तो यातून. लोहमार्गाचे तेव्हा उरले होते ते काय? दगडी भराव, दोन मोऱ्या, एक खिंड, आणि दर मैलाला एक असे घडीव काळे दगड. त्यांवर मैलाचा आकडा आणि कंपनीची दोन इंग्रजी अक्षरे कोरलेली. रूळ गेले, स्लीपर गेले, कागद कोणाकडेच नव्हते. त्या वाटेवरून काही धावत होते याचा पुरावा म्हणजे ते दगड. ते एकेक करून नाहीसे होत होते. घडीव दगड कोणाला नको असतो? कोणी धुणे धुवायला नेला, कोणी उंबऱ्याला बसवला, महामार्ग रुंद करणाऱ्यांनी एक तर सरळ भरावात गाडला. उतेकरने कचेऱ्यांत अर्ज दिले. वाडीवाडीत जाऊन सांगितले की हे तुमच्या आजोबांचे कष्ट आहेत. माणसे मान हलवीत, चहा पाजीत आणि पुढच्या महिन्यात आणखी एक दगड जाई.

एके दिवशी आम्ही दोघे बाजारपेठेत हुसेनभाईच्या रंगाच्या दुकानात गेलो. दगडांवर लाल रंगाने 'हात लावू नये' असे लिहायचे उतेकरने ठरवले होते. हुसेनभाईने सगळे ऐकून घेतले. त्याची मुले आमच्याच शाळेत शिकून आखातात गेली होती, त्यामुळे तो आमच्याशी मोकळेपणाने बोले.

"सर, ऐका माझं," तो म्हणाला. "हा डबा मी तुम्हाला विकू शकतो, माझा धंदाच आहे. पण हात लावू नये असं लिहिलंत तर रंग जाईल पावसाळ्यात आणि दगड जाईल गणपतीपर्यंत. समोर जा, पूजेच्या दुकानात. शेंदूर घ्या. बघू कोण हात लावतो ते."

मी मोठ्याने हसलो. हुसेनभाईही हसला. उतेकर हसला नाही. तो दुकानाच्या पायरीवर उभा राहून समोरच्या दुकानाकडे बघत होता. तेव्हा मी हसण्याऐवजी त्याचा दंड धरून त्याला घरी न्यायला हवे होते, असे आता वाटते. पण विनोद चांगला होता.

त्याने शेंदूर घेतला, तेलात कालवला आणि उरलेल्या सगळ्या दगडांना लावला. फक्त डोंगराकडच्या बाजूला. आकड्याची बाजू त्याने मोकळी ठेवली. पुढच्या पावसाळ्यापर्यंत एकही दगड हलला नाही. उतेकर शिक्षकांच्या जुन्या मंडळींत बसून सांगे, "प्रयोग यशस्वी. गृहीतक असं, की माणूस कायद्याला भीत नाही, रंगाला भितो." आम्ही सगळे टाळ्या द्यायला होतो. पाटीवर कोणी खरे लिहिणार असेल तर हेही लिहावे.

चौथ्या मैलाचा दगड दांडवाडीच्या पाखाडीला, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेला, लागून होता. तिथे प्रथम उदबत्ती आली. मग नारळ. मग शेंदूर आकड्याच्या बाजूलाही चढला, वर्षावर्षाला जाड होत गेला आणि दगडाला खांदे फुटल्यासारखे दिसू लागले. मुंबईच्या चाकरमान्यांनी वर पत्र्याची शेड घातली, घंटा टांगली. रुळांच्या वाटेवरचा म्हणून रुळोबा. तो कौल देऊ लागला: ओल्या पाकळ्या दगडाच्या दोन्ही अंगांना चिकटवायच्या, उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

उतेकर सुरुवातीला रागावे. एकदा माझ्यादेखत त्याने तानूबाईला अडवले. ती डोकीवर भाऱ्यासकट दगडासमोर उभी राहून काहीतरी पुटपुटत होती.

"बाय, हा देव नाय गो. मैलाचा दगड आहे. महाड किती लांब ते सांगणारा."

"मग सांगू दे की," तानूबाई म्हणाली. "मना तरी कुठं ठावं हाय महाड किती लांब. मी गेल्ये नाय चार वर्सांत."

"अगो, तो बोलत नाही. दगड आहे."

"तुमी येवढं बोलताव, सर, तुमचं तरी कोन ऐकतंय?"

मी उतेकरला खाली घेऊन आलो.

दांडवाडीचे लोक अडाणी होते, असे कोणी यावरून समजू नये. मी समजू देणार नाही. ज्या डोंगरावर दवाखाना नाही, एस.टी. पायथ्यापर्यंतच येते आणि घरातला कर्ता पुरुष मुंबईला असतो, तिथल्या बायकांना जवळ कोणी ऐकणारा हवा असतो. दगड जवळ होता.

पुढचे लिहिताना मला थांबावे लागते. तानूबाईची सून, संगीता, गवत कापायला गेली असताना तिला साप चावला. तिला डोलीत घालून चौघे खाली निघाले. वाट चौथ्या मैलावरूनच जाते. तिथे डोली टेकवली. देवाला विचारल्याशिवाय पुढे कसे जायचे? तानूबाईने पाकळ्या लावल्या. नुकतीच जत्रा झाली होती, शेंदराचा थर तेलाने ओला होता. पाकळी पडेना. उजवीही नाही, डावीही नाही. माणसे पाकळीकडे बघत उभी राहिली. मग दुसऱ्या लावल्या. शेवटी त्यांतला एक जण ओरडला, डोली उचलली गेली. संगीता महाडच्या सरकारी दवाखान्याच्या दारातच वारली.

उतेकर तिथे पोचला तेव्हा मी त्याच्याबरोबर होतो. त्याने डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला: ती माणसे वाटेत थांबली नसती तर संगीता वाचली असती का?

डॉक्टर तरुण होते, थकलेले होते आणि प्रामाणिक होते. "सांगता येणार नाही," ते म्हणाले. "विष किती गेलं होतं कोण जाणे. कदाचित हो. कदाचित नाही."

"कदाचित नको. नक्की काय?"

"सर, नक्की सांगायला माझ्याकडे काही नाही."

आयुष्यभर ज्याने दुसऱ्यांकडे पुरावा मागितला त्याला स्वतःला दोषी ठरवायला तो मिळाला नाही आणि निर्दोष सोडायलाही मिळाला नाही. निकाल न लागलेल्या खटल्यातल्या आरोपीसारखा तो पुढे जगला. हे माझे मत नाही, मी पाहिले आहे.

तेराव्याला तो दांडवाडीला गेला. मी सोबत होतो. मांडवात सगळी वाडी बसली होती. उतेकर उभा राहिला आणि वर्गात सूत्र सांगावे तसे स्पष्ट बोलला: "तो दगड देव नाही. कंपनीच्या लाईनीचा दगड आहे. पहिला शेंदूर मी लावला. माझ्या हातानं, दगड चोरीला जाऊ नये म्हणून. तुमची सून माझ्या शेंदरापायी अडकली. मला जी शिक्षा द्यायची ती द्या."

संगीताचा नवरा मुंबईहून आलेला, तो जमिनीकडे बघत होता. शेवटी तानूबाईने पदर सारखा केला.

"पयला शेंदूर तुमी लावलाव?"

"हो."

"तुमच्या हातानं?"

"हो, बाय. माझ्याच हातानं."

"मंग मान तुमचा व्हता, सर. आमच्यात ज्यानं पयला शेंदूर लावला, गुरवकी त्याची. आमी येवढी वर्सं गुरवाबिगर कौल लावला, म्हनून देव आडला. चूक आमची झाली." आणि मग, कोणताही टोमणा न मारता, ती म्हणाली, "तुमी असताव तर पाकळी आडली नसती."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. एका म्हाताऱ्याने पुढे होऊन उतेकरच्या हातात नारळ दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या ओटीवर येऊन बसला. तो नारळ अजून त्याच्या पिशवीत होता.

"मी गुन्हा कबूल करायला गेलो," तो म्हणाला, "आणि त्यांनी मला नेमणूक दिली."

"जाऊ नकोस," मी म्हणालो. "पुन्हा तिकडे फिरकू नकोस. चार वर्षांत विसरतील."

"मी नाही गेलो तर दुसरा कोणी बसेल. तो विचारेल, करणी कोणी केली. मी निदान विचारीन, ताप किती आहे."

तेव्हापासून तो रुळोबापाशी बसू लागला. आधी अमावस्येला, मग शनिवारी, मग पावसाळ्याचे चारही महिने जवळजवळ रोज. लोक येत, नारळ ठेवत, गाऱ्हाणे सांगत. उतेकर देवाला प्रश्न विचारी तो नेहमी एकच: "बा रुळोबा, याला डागदराकडं न्यायचं का?" आणि उजवी पाकळी पडे. नेहमी पडे, आणि लगेच पडे. कारण पाकळ्या लावण्यापूर्वी दगड पुसण्याच्या निमित्ताने तो उजव्या अंगाचा एक रुपयाएवढा भाग अंगठ्याने दाबून कोरडा आणि गुळगुळीत करून ठेवी. त्याच्याकडे पायथ्याच्या रिक्षावाल्याचा नंबर असे. कौल मिळेपर्यंत रिक्षा निघालेली असे.

काही लोक छातीठोकपणे सांगतात की त्यांनी उतेकर सरांना रुळोबापुढे वाकताना डोळ्यांनी पाहिले. पाहिले असेल. तो वाकत असे ते उजवे अंग कोरडे झाले की नाही ते बघायला. त्याने त्या दगडाला हात जोडलेले मी एकदाही पाहिले नाही, आणि माझी नजर त्यावर होती, कारण जोडले असते तर मी त्याला सोडले नसते.

सापळा असा होता की तो जितका यशस्वी होई तितका देव मोठा होई. पोरगा दवाखान्यात बरा होई आणि बकरी रुळोबाला कबूल होई. तळीयेचा डोंगर खाली आला आणि गाव गाडले गेले त्या जुलैनंतर तर आजूबाजूच्या वाड्यांची माणसे येऊन विचारू लागली, देवा, आमचा डोंगर राहील का? या प्रश्नाला कोणत्या अंगाचा कौल द्यायचा? उतेकरने पाकळ्या लावल्याच नाहीत. "देव म्हणतो, जोराचा पाऊस असेल तेव्हा खालच्या शाळेत झोपायला जा," असे सांगितले. माणसे गेली. डोंगर जागचा हलला नाही. माणसे म्हणाली, रुळोबाने डोंगर धरून ठेवला.

हे त्याने मला सांगितले. मग म्हणाला, "आपल्या शाळेत असा पोरगा असता तर मी त्याला किती गुण दिले असते?"

मी म्हणालो, "शून्य."

"बरोबर," तो म्हणाला.

तानूबाई रोज त्याच्यासाठी भाकरी आणि काहीतरी कोरड्यास पाठवी. ती भाकरी खाताना त्याच्याकडे बघवत नसे. तो शेवटचा कणदेखील फडक्यावरून टिपून खाई, आवडीने नव्हे. तिने कधी एका शब्दाने दोष दिला नाही, आणि तिने तो द्यावा म्हणून तो रोज तिच्यासमोर जाऊन बसत होता, असा माझा समज आहे. हा समज आहे. याला पुरावा नाही.

मग वाट-समिती निघाली. जुन्या लोहमार्गांच्या चालण्याच्या वाटा करतात, हे दांडवाडीच्या मुंबईकर पोरांनी कुठेतरी पाहिले होते. पुण्याहून जुन्या वास्तूंचे जतन करणारी ऋता नावाची मुलगी आली, पाठीवर पिशवी आणि पिशवीत ब्रश, कापूस, कसली कसली औषधे. उतेकर तिच्याबरोबर खाडीपासून वरपर्यंत चालला. ती मोरीखाली शिरली तर हाही शिरला. कमानीचे दगड चुन्यात आहेत की सिमेंटमध्ये यावर ती दोघे भांडली आणि तो हरला, आणि हरल्याचा आनंद त्याच्या तोंडावर मावत नव्हता. वाटेतल्या एकेका दगडाचा शेंदूर तिने हलक्या हाताने काढला. तिथे देव फारसा रुजला नव्हता, कोणी हरकत घेतली नाही. आकडे निघाले, पण पुसट; कंपनीची अक्षरे तर कुठेच नीट लागेनात.

चौथ्या मैलाशी सगळे थांबले. समितीची पोरे होती, तानूबाई होती, मी होतो. ऋताने कवचावर बोट टेकवले.

"हा सगळ्यात चांगला असणार," ती म्हणाली. "इतकी वर्षं तेल आणि शेंदूर. आतला दगड कोरला तसाच राहिला असेल. सर, याच्यावर आकडा आहे ना?"

आयुष्यभर हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. महाडच्या वर्गात हसलेल्या सगळ्या पोरांचे उत्तर त्या थराखाली होते. अध्यक्ष म्हणाला, "सर म्हणतील तसं. गुरव ते आहेत."

उतेकरने दगडाकडे पाहिले. मग ऋताला म्हणाला, "हे काढलं आणि उद्या कोणाला साप चावला, तर माणसं कुठं थांबतील?"

"थांबणार नाहीत, सर. सरळ दवाखान्यात जातील."

"किंवा पलीकडच्या खोऱ्यात जातील. तिथं दुसरा देव आहे, दुसरा गुरव आहे. तो काय विचारतो ते मला माहीत आहे." त्याने मान हलवली. "राहू दे. हा सोडून द्या."

तानूबाईने घंटा वाजवली. पोरांना बरे वाटले. दृष्टांताची गोष्ट त्याच संध्याकाळी जन्मली असावी.

उतरताना मी त्याला सोलून काढले. मी म्हणालो, "मोठा पुराव्याचा माणूस. तुझ्या बापाचा पुरावा होता तो. बापाला दुसऱ्यांदा लपवलंस."

तो थांबला. त्याची ती आखूड पावले जागच्या जागी थांबली. "हो," तो म्हणाला. "लपवला." आणि चालू लागला. त्याने वाद घातला नाही. त्याच्याशी झालेल्या सगळ्या वादांत मी एवढा एकच जिंकलो, आणि तो मी कोणालाही फुकट द्यायला तयार आहे.

पुढच्या पावसाळ्यात, भाद्रपदातल्या एका दुपारी, मी त्याला भेटायला वर गेलो. त्या दिवसानंतर आमचे बोलणे कमी झाले होते आणि ते मला टोचत होते. पाऊस थांबून ऊन पडले होते. मी खिंडीच्या वळणावर दम खायला टेकलो. तिथून शेड दिसते, पण शेडमधल्याला वळणावर बसलेला माणूस दिसत नाही.

उतेकर दगडाच्या मागे, आकड्याच्या बाजूला, उकिडवा बसला होता. त्याच्या एका हातात तेलाचा बोळा होता आणि दुसऱ्यात नारळाच्या करवंटीचा तुकडा. तो कवच खरवडीत होता. आधी मला वाटले, डोके ठिकाणावर आले. आता हा सगळे उतरवील. मी उठून हाक मारणार होतो. पण तो फार थोडी जागा खरवडीत होता, पोस्टकार्डापेक्षाही लहान. शेंदराच्या खपल्या तो हातरुमालावर गोळा करून ठेवीत होता. मग त्याने बोळ्याने ती जागा पुसली, चष्मा कपाळावर चढवला आणि नाक जवळजवळ दगडाला लावून आत पाहिले. पाहता पाहता त्याने उजव्या हाताची दोन बोटे मुठीत मिटली, आणि उरलेल्या बोटांनी तो आतल्या कोरीव रेषेवरून हळूहळू हात फिरवू लागला, खालून वर, मग आडवा.

वरच्या पाखाडीवरून माणसांचा गलका आला. कोणीतरी बाई रडत होती आणि एक पुरुष ओरडत होता, "सर हायत काय? सर?"

उतेकरने खपल्या परत जागेवर दाबल्या. वाटीतला ओला शेंदूर बोटावर घेऊन त्याने ती खिडकी लिंपून टाकली, वरून सारखी केली, आणि गुडघ्यावर हात टेकून उठला. पुढच्या बाजूला येऊन त्याने उजव्या अंगावर अंगठा दाबून धरला. माणसे शेडमध्ये शिरली तेव्हा त्याचा अंगठा तिथेच होता.

"कुठं चावलं?" तो विचारीत होता. "किती वेळ झाला?"